बुडबुडचं तिसरं रीळ

'बुडबुड'ची शेवटची प्रिंट गेल्याची बातमी आली, तेव्हा प्रल्हाद खंडारे एका म्हाताऱ्याच्या चष्म्याला दांडी बसवत होता. अकोल्यातलं त्याचं दुकान आणि घर एकच. पुढे चष्मे, मागे संसार. डोळ्यांत घालायचे थेंब निघाल्यापासून चष्म्याचा धंदा बसला होता. ज्यांचा थेंबांवर विश्वास नव्हता असे चार म्हातारे तेवढे अजून येत.

रंजना कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"ऐकलं का? बुडबुड गेला."

"कोणाच्या घरचा?" म्हातारा दचकून म्हणाला.

"घरचा नाई हो काका. सिनेमातला. पाणमांजराचं पिल्लू."

म्हाताऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. प्रल्हादने मात्र स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

बातमी एवढीच होती, की जुन्या चित्रपटांच्या एका साठ्यात 'बुडबुड'चा डबा सापडला. उघडला तर आंबट वासाचा भपकारा आला आणि आत फिल्मचा चिकट गोळा. मूळ निगेटिव्ह कधीच हरवली होती. लहान मुलांचा पाऊण तासाचा सिनेमा, काळ्या फळ्यावर खडूने काढलेल्या चित्रांचा. त्याची नक्कल करून ठेवावी असं कोणालाही वाटलं नव्हतं.

"झालं," रंजना म्हणाली. "आता आपली पैज कशी सुटणार?"

ही पैज त्यांच्या लग्नाहून जुनी होती. प्रल्हाद मेहकरला मुलगी पाहायला गेला, तेव्हा मोठ्या माणसांनी "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा" म्हटलं. त्याने मान हलवून नकार दिला. विचारलं तिने.

"तुमी लहानपणी बुडबुड पायला काय?"

"पायला ना. शाळेनं दाखवला होता. शेवटी लय रडलो."

"शेवटी? शेवटी तर त्याची माय परत येते."

"कुठची येते! जाळ्यात सापडते ते. पिल्लू एकटंच समुद्रात जाते आणि संपते सिनेमा."

"तुमाले झोप लागली असंल."

दोघं असे भांडले, की बैठकीतल्या मंडळींना वाटलं सोयरीक मोडली. प्रल्हादच्या मामाने तर पोह्यांची बशी खाली ठेवून चपला शोधायला सुरुवात केली होती. पण ती तिथेच जुळली. पैज अशी ठरली, की सिनेमा पुन्हा मिळेल तेव्हा दोघांनी मिळून पाहायचा आणि हरेल त्याने दुसऱ्याला समुद्र दाखवायचा. दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता. पुढे मुलगी झाली, ऋतुजा. ती शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिलाही मुलगी झाली. तिने किती वेळा म्हटलं, "आई, चल ना कोकणात." रंजनाचं एकच उत्तर, "पैज सुटल्याबिगर नाई. फुकटचा समुद्र मले नको."

आता पैज सुटण्याची वाटच बंद झाली होती.

ती उघडली नागपूरच्या स्मृतिचित्र केंद्राने. वर्षभरातच त्यांनी जाहीर केलं, की 'बुडबुड' लहानपणी पाहिलेल्या माणसांनी पुढे यावं. सिनेमा त्यांच्या आठवणींतून परत उभा करायचा होता. पन्नाशी-साठी ओलांडलेली शेकडो माणसं आली. त्यात रंजनाही होती. प्रल्हादला जाता आलं नाही. यंत्रात मोठं चुंबक होतं आणि त्याच्या पायात अपघातानंतर घातलेली लोखंडी सळई होती.

"हा कुठला न्याय?" तो म्हणाला. "साक्ष एकाच बाजूची!"

"मंग काढा सळई," रंजना म्हणाली आणि जेवणाचा डबा घेऊन बसमध्ये चढली.

केंद्रात शाहीन देशमुख नावाची तरुण शास्त्रज्ञ होती, मूळची अचलपूरची. यंत्राचं काम तिने आधीच फोनवर दोघांना सोप्या भाषेत समजावलं होतं. आपण काही आठवतो, तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे डोळ्यांनी पाहिलेलं उमटतं, तिथेच ते चित्र पुन्हा उमटतं, फक्त फार फिकट. यंत्र ते फिकट चित्र वाचतं. एका माणसाचं चित्र चुकीच्या नंबरच्या चष्म्यातून पाहिल्यासारखं असतं. पण शेकडो माणसांची चित्रं एकावर एक ठेवली, की जे सगळ्यांत आहे ते ठळक होतं आणि जे एखाद्यातच आहे ते गळून जातं.

"एक मात्र आहे," शाहीन म्हणाली होती. "आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो नाही. दर वेळी आठवताना मेंदू ते चित्र पुसून नव्याने काढतो. म्हणून आम्ही तयार केलेला सिनेमा तुम्ही पाहिलात, की तुमची जुनी आठवण त्याच्याखाली दबली. मग तुमची साक्ष कामाची नाही. आधी साक्ष, मग सिनेमा."

रंजना यंत्रात पडून आली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "सगळं दिसलं हो. काल पायल्यासारखं."

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात ती गेली. मेथी निवडत बसली होती. प्रल्हादने दुकानातून हाक मारली, ओ आली नाही. आत जाऊन पाहिलं तर मान भिंतीला टेकलेली आणि निवडलेली मेथी एका बाजूला नीट ठेवलेली. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. ऋतुजा आली, महिनाभर राहिली, गेली. प्रल्हाद दुकान उघडायचा आणि बसून राहायचा. मेथी त्याने त्यानंतर घरात आणली नाही.

उन्हाळ्यात शाहीनचा फोन आला.

"काका, काकूंच्या नोंदीबद्दल बोलायचं होतं. वारस म्हणून तुमची परवानगी लागेल. फोनवर सांगण्यासारखं नाही. याल का? आणि ताईंनाही आणा."

प्रल्हाद अकोल्याहून गेला, ऋतुजा पुण्याहून आली. शाहीनने त्यांना एका लहान खोलीत बसवलं. चहा आला.

"सिनेमा जवळजवळ झाला आहे," ती म्हणाली. "चार रिळं होती. पहिलं, दुसरं आणि चौथं छान उभं राहिलं. तिसरं मात्र उभंच राहत नव्हतं. माणसाला सुरुवात आठवते, शेवट आठवतो. मधलं विरघळतं. आई-पिल्लू पाण्यात खेळतात, एवढंच सगळ्यांना आठवत होतं. तिचा चेहराही कोणाला धड आठवत नव्हता."

"मग?"

"मग काकूंची नोंद. यंत्राने ती बाजूला टाकली होती, कारण तिचा क्रम कोणाशीच जुळत नव्हता. मागच्या महिन्यात मी टाकलेल्या नोंदी सहज पाहायला घेतल्या. तिसरं रीळ त्यांच्याकडे आहे, काका. पूर्ण. खडूची रेघ न् रेघ. इतकं स्वच्छ चित्र आम्हाला कोणाच्या डोक्यात मिळालेलं नाही."

प्रल्हादच्या हातातला कप तसाच राहिला.

"पण तिचा शेवट तर..."

"तुम्ही स्वतः पाहा. पण आधी कायदा सांगते, म्हणजे मागाहून दुःख नको."

मेलेल्या माणसांच्या आठवणी मध्यंतरी बाजारात विकल्या गेल्या होत्या. नटांच्या, खेळाडूंच्या, कोणाकोणाच्या. त्यावर कडक कायदा आला. मृताच्या नोंदीची नक्कल करायची नाही, आणि तिचा वापर एकदाच. वारसांनी ती सिनेमासाठी दिली, तर हवा तेवढा भाग त्यात जोडला जाईल आणि बाकीची नोंद नष्ट होईल. दिली नाही, तर ती घरी नेता येईल, केव्हाही पाहता येईल. पण मग ती घरातच राहील आणि सिनेमातलं तिसरं रीळ कोरं राहील. निर्णयाआधी एकदा पाहायची मुभा होती.

खोलीतला दिवा मंद झाला.

समोर शाळेचं सभागृह होतं, आठ वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून दिसणारं. पुढच्या मुलीची लाल रिबीन. मांडीवर दोन हात. एका मनगटात बाईमाणसाची हिरवी बांगडी, कोपरापर्यंत वर सरकवलेली, तरी खाली घसरणारी.

"ही आजीची," ऋतुजा हळूच म्हणाली.

रंजनाची आई त्याच वर्षी गेली होती, बाळंतपणात. हे प्रल्हादला लग्नापासून ठाऊक होतं. पण त्या वर्षाची आणि सिनेमाची सांगड त्याने कधी घातली नव्हती. रंजनानेही घालून दिली नव्हती.

पडद्यावर बुडबुड आला. खडूचं पांढरं पिल्लू, नाकातून बुडबुडे सोडणारं. पहिलं रीळ, दुसरं रीळ, चित्र कधी पुसट, कधी ठळक. मग एकदम नदीत जाळं पडलं. आई धडपडली आणि सगळं काळं झालं.

"इथे बिघडलं काय?" प्रल्हादने विचारलं.

"नाही. काकूंनी डोळे मिटले."

काळोखाने फार वेळ घेतला. डोळे उघडले तेव्हा पिल्लू समुद्रात होतं, एकटं. मग पडदा पांढरा झाला, सभागृहातले दिवे लागले.

यंत्राने 'सिनेमा नव्हे' म्हणून टाकून दिलेला भाग तो हाच. मुलं उठत होती. मास्तर हात वर करून बसा म्हणत होते. प्रोजेक्टरपाशी एक बारीक माणूस घाम पुसत उभा होता. आवाज यंत्राला नीट पकडता येत नव्हता, तुटक शब्द येत होते. "...चिखलीच्या स्टँडवर... चहा प्यायलो अन् डबा बाकावरच राहिला... पुढच्या गाडीनं येऊन राहिला... थांबा पोरांनो, जाऊ नका..." मुलगी बसून राहिली. तिने बांगडी वर सरकवली. ती घसरली. पुन्हा सरकवली. मग दारातून कंडक्टरच्या खाकी कपड्यातला एक माणूस आला, हातात पत्र्याचा गोल डबा घेऊन. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दिवे गेले.

आणि पडद्यावर पाणी आलं. काठ दिसत नाहीत एवढं पाणी, आणि पाण्यात बुडबुडची आई.

आतापर्यंतचं सगळं चित्र धुक्यातून पाहिल्यासारखं होतं. हे तसं नव्हतं. आईच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. ती पिल्लाला पाठीवर घेत होती, बुडवत होती, वर काढत होती. मुलीचे डोळे एकदाही मिटले नाहीत.

"हे पुराचं पाणी," प्रल्हाद पुटपुटला. "तिसऱ्या रिळात नदीले पूर येते. जाळ्याच्या आधी. आम्ही अकोल्यात तसंच पायलं."

"हो," शाहीन म्हणाली. "पण मेहकरच्या मुलांनी ते शेवटी पाहिलं. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. चौथ्या रिळात पिल्लू समुद्रात जातं, आणि लगेच हे मोठं पाणी. त्यांना तो समुद्रच वाटला. काकूंच्या लेखी आई समुद्रात परत आली. त्यांची आठवण चुकलेली नव्हती, काका. त्यांनी पाहिलंच तसं. आणि शेवट म्हणून पाहिलं, म्हणून ते एवढं पक्कं राहिलं."

जन्मभर प्रल्हाद रंजनाला डोळे तपासून घे म्हणायचा, आणि ती त्याला झोपाळू म्हणायची. दोघंही खरं सांगत होते.

बाहेर व्हरांड्यात कुलरसमोर दोघं बसली, तेव्हा ऋतुजाने आधी तोंड उघडलं.

"बाबा, आपण हे घरी नेतोय."

"ऋतू..."

"नाही, ऐका. फोटोत आई दिसते. हे आई काय बघत होती ते आहे. तिच्या डोळ्यांनी बघायला मिळतंय, आणि तुम्ही ते कापायला देणार? एका सिनेमासाठी?"

"तिनं दिलं होतं ते."

"ती जिवंत होती तेव्हा! तिला वाटलं सिनेमा होईल, तुम्ही दोघं बघाल, तुम्हाला चिडवेल. पैजेसाठी गेली होती ती. आता कोणासाठी?"

समोर पार्किंगमध्ये एक माळी झाडांना पाणी देत होता. पाइप मध्येच पिळला गेला होता, तो सोडवायला गेला.

"थो सिनेमावाला," प्रल्हाद म्हणाला, "सामान आवरून जाऊ शकत होता. पोराईले काय माहीत किती रिळं असतात? पिल्लू समुद्रात गेलं, संपलं, घरी जा. पण म्हणाला, थांबा पोरांनो. तेवढ्यात डबा आला म्हणून तुह्या आईले तिची माय दिसली. नाई तर ते जाळ्यातलीच माय डोळ्यात घेऊन घरी गेली असती."

"मग?"

"मग आता डबा आपल्यापाशी हाय. आपण बाकावर ठेवून निघून जायचं काय?"

"बोलायला सोपं आहे, बाबा."

"सोपं नाई. मलेबी पाहिजे ते. रोज पायलं असतं."

ऋतुजा उठली. तिची बस आधी होती. जाताना एवढंच म्हणाली, "तुम्ही वारस, तुम्ही ठरवा. पण मला विचारल्यासारखं करू नका."

प्रल्हाद पुन्हा आत गेला आणि शाहीनसमोर बसला.

"देतो," तो म्हणाला. "पण एक अट. मेहकरात जेव्हा दाखवाल, तेव्हा तिसरं रीळ शेवटी लावायचं."

"काका, तो चुकीचा क्रम आहे."

"मेहकरात बरोबर आहे."

शाहीनने जरा विचार केला. "वरच्यांना पटवावं लागेल. पटवते. आणि काका, आज जे पाहिलंत ना, ते आता फक्त तुमच्या आणि ताईंच्या डोक्यात राहील. तयार सिनेमा बघाल, तर तो त्यावर चढेल. मग काकूंचं कोणतं आणि सिनेमाचं कोणतं, हे तुम्हाला सांगता येणार नाही. मी आधीच सांगून ठेवते."

प्रल्हादने अंगठा टेकवला. पडद्यावर एक हिरवी रेघ आली आणि गेली. बाकीची नोंद नष्ट झाली, असं यंत्राने सांगितलं. त्याला वाटलं होतं, काहीतरी आवाज होईल.

दिवाळीच्या सुट्टीत 'बुडबुड' लागला. गावोगावच्या शाळांनी मुलांना नेलं. प्रल्हादच्या दुकानात येणारे म्हातारे नातवंडांसोबत पाहून आले आणि डोळे पुसत येऊन सांगू लागले, "आईचा चेहरा काय काढलाय हो!" प्रल्हाद हो म्हणायचा. ऋतुजाचा फोन यायचा, पण गोळ्या घेतल्या का, जेवलात का, एवढाच. जुईला, नातीला, तिने सिनेमाला नेलं नव्हतं, हे जुईनेच सांगितलं.

मेहकरचा खेळ शाळेच्या सभागृहात सकाळी होता. सभागृह नवं होतं, जागा तीच. प्रल्हाद पहिल्या बसने पोहोचला आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर बसला. खेळ सुरू व्हायला आला तेव्हा दारातून जुई पळत आली आणि "आबा!" म्हणून त्याच्या मांडीवर आदळली. मागून ऋतुजा. ती शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून तिथे बसली.

दिवे गेले. प्रल्हादने खुर्ची वळवली. पडद्याकडे पाठ आणि मुलांकडे तोंड.

"बाबा, काय करताय?"

"पाहू दे मले."

पडद्याचा उजेड मुलांच्या तोंडांवर पडत होता. पिल्लाने बुडबुडे सोडले की मुलं हसत होती. जाळं पडलं तेव्हा सगळी एकदम गप्प झाली. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी डोळे झाकले. पिल्लू समुद्रात गेलं असावं, कारण एक मुलगी मुसमुसायला लागली. मग पडदा पांढरा झाला, तसं शाहीनने मुद्दाम ठेवलं होतं. मुलं चुळबुळ करू लागली.

"संपला?" जुईने विचारलं.

"थांब, जाऊ नको," ऋतुजा म्हणाली.

पुन्हा उजेड आला. प्रल्हादला मुलांच्या तोंडांवरून कळलं, की आई आली.

"हा समुद्र नाही, नदी आहे," मागून एक शहाणा आवाज आला. "समुद्र असा नसतो."

"तू गप रे," दुसरी म्हणाली. "त्याची आई आली ना!"

ऋतुजाचा हात प्रल्हादच्या हातावर आला आणि तिथेच राहिला. सिनेमा संपून दिवे लागले तरी तिने तो काढला नाही. मुलं आरडाओरडा करत बाहेर पळाली.

"आबा, तुम्ही बघितलाच नाही," जुई म्हणाली.

"पायला मी."

"कधी?"

"आधी. तुझ्या आजीबरोबर."

जुईला ते पटलं नाही, पण बाहेर कुल्फी होती. ती गेल्यावर ऋतुजाने विचारलं, "मग पैज कोणी जिंकली शेवटी?"

"तुह्या आईनं."

"पण सिनेमात तर आई परत येत नाही. खऱ्या क्रमात."

"आत्ता आली ना. तू पायलं ना?"

ऋतुजाने डोळे पुसले आणि मान हलवली. प्रल्हादने खुर्ची उचलून पुन्हा भिंतीकडे सरळ लावली.

पैज तो हरला होता. रंजनाला समुद्र दाखवायचा राहिला.